आलेखाखालच्या भागाला क्षेत्रफळ आहे का? तपासायचं कसं, पायरीपायरीने

बारावीत इंटिग्रेशन शिकताना एक गोष्ट सगळे गृहीत धरून चालतात. आलेख काढला, खालचा भाग पेन्सिलने रंगवला, म्हणजे त्याला क्षेत्रफळ असणारच. आपलं काम ते काढण्यापुरतं. बीएस्सीला रिअल ॲनालिसिस सुरू झालं की हाच विश्वास डळमळतो. मग व्याख्यांचा असा डोंगर उभा राहतो की मुळात प्रश्न काय होता तेच दिसेनासं होतं. प्रश्न साधा आहे: दिलेल्या फलनाच्या आलेखाखाली जो भाग आहे, त्याला वाद होणार नाही असा एकच आकडा देता येतो का? उत्तर किती, हा नंतरचा विषय. गंमत म्हणजे उत्तर न काढताही 'क्षेत्रफळ आहे' असं ठामपणे सांगता येतं, आणि बऱ्याचदा तेवढंच विचारलेलं असतं.

आधी भाग कोणता, ते लिहून काढा

फलन फ(क्ष), अंतराल अ पासून ब पर्यंत, आणि भाग म्हणजे क्ष-अक्ष आणि आलेख यांच्या मधले सगळे बिंदू. फलन कुठे ऋण होत असेल तर धन भाग आणि ऋण भाग वेगळे करा आणि दोघांचा हिशोब वेगळा ठेवा. साइन फलनाचं ० ते २π इंटिग्रल शून्य येतं, पण रंगवलेला भाग ४ चौरस एकक भरतो. इंटिग्रल वरचं आणि खालचं एकमेकांतून वजा करतं, क्षेत्रफळ तसं करत नाही. पुढे, जिथे वेगळं सांगितलेलं नाही तिथे, फलन शून्याच्या खाली जात नाही असंच धरलं आहे.

मग लगेच दोन प्रश्न विचारा. अंतराल दोन्ही बाजूंनी संपतं का? आणि फलनाच्या उंचीला कुठेतरी छत आहे का, म्हणजे ते मर्यादित आहे का? दोन्हींना 'हो' असेल तर पुढच्या पायऱ्या लागू. एकाला जरी 'नाही' आलं तर थेट शेवटच्या भागाकडे जा. १/√क्ष सारखं फलन ० ते १ वर घेऊन रीमानची व्याख्या (पट्ट्या पाडून मोजण्याची, ती खाली येते) लावायला गेलात, तर पहिल्याच पट्टीत छताची उंची अनंत निघते आणि गाडी तिथेच अडते.

आतून मोजा, बाहेरून मोजा

शाळेत आलेखाच्या कागदावर पिंपळाचं पान ठेवून त्याचं क्षेत्रफळ काढलेलं आठवत असेल. पूर्ण चौकोन मोजायचे, अर्ध्याहून मोठा तुकडा एक धरायचा, लहान सोडून द्यायचा. हा 'अर्ध्याहून मोठा' नियम सोयीचा आहे, पण त्यात चूक किती झाली ते कळत नाही. त्याऐवजी दोनदा मोजा. एकदा फक्त पूर्णपणे आत बसलेले चौकोन, आणि एकदा पानाला जरासाही स्पर्श करणारे सगळे. पहिला आकडा खऱ्याहून जास्त असू शकत नाही, दुसरा कमी असू शकत नाही. चौकोन बारीक करत नेल्यावर दोन्ही आकडे एकाच ठिकाणी येऊन भेटले, तर पानाला क्षेत्रफळ आहे. पेआनोने १८८७ मध्ये आणि झॉर्दांने १८९२ मध्ये कुठल्याही आकारासाठी नेमकं हेच मांडलं.

आलेखाखालच्या भागासाठी चौकोनही लागत नाहीत, उभ्या पट्ट्या पुरतात. प्रत्येक पट्टीत फलनाची सर्वांत खालची पातळी घेऊन आयत काढला की खालची बेरीज, सर्वांत वरची पातळी घेतली की वरची बेरीज. ही मांडणी दार्बूची, १८७५ मधली. रीमानची मूळ कल्पना १८५४ ची, पण ती छापून आली १८६८ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी.

हाताने एकदा करून बघाच. क्ष² घ्या, ० ते १, चार पट्ट्या. खालच्या उंच्या ०, १/१६, ४/१६, ९/१६, बेरीज १४/१६, पट्टीची रुंदी १/४, म्हणून खालची बेरीज ०.२१८७५. वरच्या उंच्या १/१६, ४/१६, ९/१६, १, बेरीज ३०/१६, वरची बेरीज ०.४६८७५. फरक बरोबर ०.२५. दहा पट्ट्या केल्या तर ०.२८५ आणि ०.३८५, फरक ०.१. शंभर केल्या तर ०.३२८३५ आणि ०.३३८३५, फरक ०.०१.

फरक इतका नीटस का येतो? फलन वाढतं आहे, त्यामुळे एका पट्टीची वरची उंची हीच पुढच्या पट्टीची खालची उंची. वजाबाकीत मधलं सगळं उडून जातं, उरते पहिली खालची आणि शेवटची वरची. पट्ट्या समान आणि त्यांची संख्या न असेल, तर फरक येतो (फ(ब) − फ(अ)) × (ब − अ) ÷ न. यात क्ष² चा कुठेही वापर झालेला नाही. फलन फक्त चढतं (किंवा फक्त उतरतं) एवढंच वापरलं, उतरत्या फलनाला वजाबाकी उलटी. म्हणजे बंद अंतरालावर फक्त चढणाऱ्या कुठल्याही फलनाच्या खालच्या भागाला क्षेत्रफळ असतंच, मग त्यात उड्या अनंत ठिकाणी का असेनात. मला हा निकाल फार आवडतो, कारण दोन ओळींत संपतो आणि पुस्तकात उगाच मागच्या पानावर पडलेला असतो.

एक कामाची गोष्ट. पट्टीचे आणखी तुकडे केले तर वरची बेरीज वाढत नाही आणि खालची कमी होत नाही. म्हणून सगळ्या विभागण्या तपासायची गरज नाही. समोरच्याने कितीही लहान फरक मागितला तरी त्याहून कमी फरक देणारी एक विभागणी दाखवता आली, की काम झालं. पट्ट्या समान असायला हव्यात असंही नाही. खरं कौशल्य असमान पट्ट्यांमध्येच आहे, ते पुढे येईल.

संतत (कंटिन्युअस, म्हणजे कुठेही न तुटणाऱ्या) फलनाला ही पायरी आपोआप पार पडते. बंद अंतरालावर संतत फलन एकसारखं संतत असतं, त्यामुळे पट्ट्या पुरेशा अरुंद केल्या की प्रत्येक पट्टीतला चढउतार हवा तितका कमी होतो. त्यावर वेळ घालवू नका.

नमुन्याच्या बिंदूंवर विसंबू नका

'प्रत्येक पट्टीतला एखादा बिंदू घ्या, उंची काढा, बेरीज करा, लिमिट घ्या' असं पाठ केलेलं असतं. यातला 'एखादा' हा शब्द धोक्याचा आहे. डिरिक्लेने १८२९ मध्ये दिलेल्या उदाहरणाचं आपलं नेहमीचं रूप घ्या: क्ष परिमेय असेल तर उंची १, अपरिमेय असेल तर ०. ० ते १ चे सारखे न भाग करून प्रत्येक भागाचं उजवं टोक घेतलंत, तर सगळी टोकं परिमेय, आणि बेरीज दरवेळी १. न कितीही वाढवा, १ च. आता प्रत्येक पट्टीतला एक अपरिमेय बिंदू घ्या, बेरीज दरवेळी ०. दोन्ही लिमिटं व्यवस्थित अस्तित्वात आहेत, पण ती वेगळी आहेत. वरची बेरीज १, खालची ०, आणि पट्ट्या कितीही बारीक केल्या तरी ती एकमेकांकडे तसूभरही सरकत नाहीत. या अर्थाने क्षेत्रफळ नाही.

कॉम्प्युटरवर इंटिग्रल काढणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. यंत्रातली प्रत्येक दशांश संख्या ही परिमेयच असते. ट्रॅपेझॉइडल किंवा सिम्प्सनचा नियम लावला की प्रोग्रॅम काहीतरी आकडा देणारच; त्या आकड्यावरून क्षेत्रफळ आहे की नाही ते सिद्ध होत नाही.

तुटलेल्या जागांना कुंपण घाला

फलन काही ठिकाणी असंतत असेल तर काय? इथे असमान पट्ट्या उपयोगी पडतात. तंत्र असं: जिथे गडबड आहे तिथे अतिशय अरुंद पट्ट्या टाका. त्या पट्ट्यांमध्ये फलन कितीही नाचू दे. त्याला छत आहे, म्हणून वरच्या आणि खालच्या बेरजेतला फरक जास्तीत जास्त छताची उंची गुणिले पट्ट्यांची एकूण रुंदी एवढाच. रुंदी आपल्या हातात आहे.

१ + साइन(१/क्ष) घ्या, शून्यावर किंमत हवी ती द्या, समजा १. शून्याजवळ हे फलन ० आणि २ च्या मध्ये अगणित वेळा वरखाली करतं, चित्र काढायलाही जमत नाही. तरी क्षेत्रफळ आहे. ० ते ०.००१ एवढी एक पट्टी कुंपणात घातली, तिथला फरक फार तर ०.००२. ०.००१ ते १ मध्ये फलन संतत आहे, तिथला फरक हवा तेवढा कमी करता येतो. ०.००१ च्या जागी याहून लहान काहीही चालेल. झालं.

मोजक्या बिंदूंवर उडी असेल तर हाच युक्तिवाद. मोजक्या बिंदूंवर किंमत बदलली तरी क्षेत्रफळात काडीचाही फरक पडत नाही, हेही यातूनच निघतं.

आता खरी परीक्षा. थोमेचं फलन (हेही १८७५ मधलंच): क्ष अपरिमेय असेल तर ०; क्ष = प/क असा संक्षिप्त अपूर्णांक असेल तर १/क. म्हणजे १/२ वर उंची १/२, ३/७ वर १/७, २२/१०० म्हणजे ११/५०, म्हणून १/५०. ० आणि १ यांना छेद १, तिथे उंची १. हे फलन प्रत्येक परिमेय बिंदूवर तुटलेलं आहे, आणि कुठलंही छोटं अंतराल घेतलं तरी त्यात तुटलेल्या जागा अनंत. डिरिक्लेच्या फलनाचा भाऊच वाटतो. पण करून बघा.

खालची बेरीज ० च, कारण प्रत्येक पट्टीत अपरिमेय बिंदू आहे. वरची बेरीज खाली आणायची आहे. उंची १/१० किंवा जास्त कुठे कुठे आहे? ज्यांचा छेद १० किंवा कमी आहे तिथेच. ० ते १ मध्ये असे अपूर्णांक ३३ भरतात. प्रत्येकाभोवती ०.००१ रुंदीची पट्टी, छत १, या पट्ट्यांचं योगदान जास्तीत जास्त ०.०३३. बाकी सगळीकडे उंची १/१० पेक्षा कमी, म्हणून योगदान ०.१ पेक्षा कमी. वरची बेरीज ०.१३३ च्या आत. आणखी खाली जायचंय? छेद १०० पर्यंतचे अपूर्णांक ३०४५ आहेत. प्रत्येकाला दहा लाखांश रुंदीची पट्टी दिली तर ०.००३०४५, बाकीचं ०.०१ पेक्षा कमी, एकूण ०.०१३०४५ च्या आत. हे असंच चालू ठेवता येतं. क्षेत्रफळ आहे, आणि ते शून्य आहे.

लेबेगची कसोटी, आणि तिथे हमखास होणारी चूक

वरचं सगळं एका वाक्यात बसवणारी कसोटी लेबेगने दिली: बंद अंतरालावरच्या मर्यादित फलनाच्या वरच्या आणि खालच्या बेरजा एकत्र येतात, जर आणि तरच त्याच्या असंतत बिंदूंच्या संचाचं माप शून्य असेल. शून्य माप म्हणजे, कितीही लहान एकूण लांबी दिली तरी तेवढ्यात बसणाऱ्या (हवं तर अनंत) अंतरालांनी तो संच झाकता आला पाहिजे. परिमेय संख्या ओळीने लावता येतात. पहिलीला दिलेल्या लांबीचा अर्धा, दुसरीला पाव, तिसरीला अष्टमांश असं वाटत गेलं की सगळ्या झाकल्या जातात. म्हणून परिमेय संख्यांचं माप शून्य.

इथे विद्यार्थी हमखास घसरतात. 'डिरिक्लेचं फलन परिमेय बिंदू सोडले तर शून्य आहे, परिमेयांचं माप शून्य, म्हणून रीमान-इंटिग्रल आहे.' परीक्षेत हे वाक्य दरवर्षी लिहिलं जातं. चूक अशी की कसोटी 'फलन कुठे शून्य नाही' असं विचारत नाही. 'फलन कुठे असंतत आहे' असं विचारते. डिरिक्लेचं फलन अपरिमेय बिंदूवरही असंतत आहे, कारण त्याच्या शेजारी कितीही जवळ उंची १ असलेले बिंदू आहेत. असंतत बिंदूंचा संच म्हणजे अख्खं ० ते १. थोमेचं फलन मात्र अपरिमेय बिंदूवर संतत आहे, कारण तिथे जवळ जाताना छेद वाढत जातात आणि उंची शून्याकडे जाते. दोघांतला फरक एवढाच, आणि तो निर्णायक आहे. सवय लावा: आधी असंतत बिंदूंचा संच कागदावर लिहायचा, मगच मापाचं बोलायचं.

डोळ्यांवर किती विश्वास ठेवायचा, हे कँटर संचांच्या जोडीवरून कळतं. ० ते १ मधून मधला तिसरा हिस्सा काढा, उरलेल्या दोन तुकड्यांमधून त्यांचा मधला तिसरा हिस्सा, असं अखेरपर्यंत. जे उरतं ते कँटरचं, त्याचं माप शून्य. त्या संचावर उंची १ आणि बाकी ० असं फलन घेतलं तर क्षेत्रफळ शून्य, वाद नाही. आता पहिल्या पायरीला मधला १/४ लांबीचा तुकडा काढा, दुसऱ्या पायरीला १/१६ चे दोन, तिसऱ्याला १/६४ चे चार. काढलेली लांबी १/४ + १/८ + १/१६ + … = १/२. उरलेल्या संचातही एकसुद्धा अंतराल नाही, चित्र जवळजवळ पहिल्यासारखंच, पण माप १/२. या संचावर १ आणि बाकी ० घेतलं तर खालची बेरीज नेहमी ०, वरची कधीच १/२ च्या खाली येत नाही. क्षेत्रफळ रीमानच्या अर्थाने नाही. पहिल्या प्रकारात काढलेली लांबी पूर्ण १ होते, दुसऱ्यात निम्मी. निकाल त्या बेरजेने ठरतो.

याच जाड कँटर संचासारख्या रचनेवरून व्होल्तेराने १८८१ मध्ये असं फलन बांधलं, की त्याचा डेरिव्हेटिव्ह सगळीकडे आहे, मर्यादित आहे, आणि तरी त्या डेरिव्हेटिव्हचं रीमान-इंटिग्रल नाही. म्हणजे 'अँटिडेरिव्हेटिव्ह आहे' आणि 'क्षेत्रफळ आहे' हे दोन वेगळे प्रश्न. उलट बाजूने, ई चा −क्ष² वा घात घेतला तर त्याचा अँटिडेरिव्हेटिव्ह नेहमीच्या सूत्रांत लिहिता येत नाही, पण क्षेत्रफळ ठणठणीत आहे. अख्ख्या रेषेवर ते √π येतं.

रीमान नाही म्हणाला, तर विषय संपला का?

नाही. १९०२ च्या प्रबंधात लेबेगने उभ्या पट्ट्यांऐवजी उंचीचे थर केले: इतकी उंची कुठे कुठे आहे, त्या जागेचं माप किती. मोजायला अनंत झाकणं चालतात, एवढी एक सवलत दिली, आणि डिरिक्लेच्या फलनाखालच्या भागाला क्षेत्रफळ मिळालं: शून्य. जाड कँटरला मिळालं १/२. नियम असा: ऋण नसलेल्या फलनाच्या खालचा भाग मापनीय असतो (म्हणजे त्याला असं माप देता येतं), जर आणि तरच फलन मापनीय असेल, म्हणजे उंचीच्या प्रत्येक थराच्या जागेला माप देता येत असेल. इथे 'अनंत' हेही उत्तर चालतं, ते ठरलेलं उत्तर आहे.

मापनीय नसलेलं फलन हवं तर व्हितालीचा १९०५ चा संच घ्यावा लागतो, आणि त्यासाठी निवडीचं स्वयंसिद्धक (अनंत संचांतूनही प्रत्येकातला एकेक घटक निवडता येतो, हे गृहीत) वापरावं लागतं. रोजच्या कामात सूत्राने लिहिलेलं फलन असं निघत नाही. उत्तरपत्रिकेत मात्र कोणत्या अर्थाने क्षेत्रफळ म्हणता आहात, रीमानच्या की लेबेगच्या, ते लिहा. नुसतं 'क्षेत्रफळ नाही' हे अर्धं उत्तर आहे.

छत नसेल, किंवा अंतराल संपतच नसेल

आता अडचणीचं टोक कापा, उरलेल्याचं क्षेत्रफळ काढा, आणि कापलेलं टोक हळूहळू परत जोडा. १/√क्ष घेऊन ०.०१ पासून १ पर्यंत मोजलं तर १.८, ०.०००१ पासून मोजलं तर १.९८, दोनच्या पुढे कधीच जात नाही. भाग वर अमर्याद उंच आहे, क्षेत्रफळ २. १/क्ष घेतलं तर ०.०१ पासून ४.६, दहा लाखांशापासून १३.८, आणि थांबायचं नाव नाही. क्षेत्रफळ अनंत. उजवीकडे न संपणाऱ्या अंतरालात याच्या उलट: १ च्या पुढे १/क्ष² खालचं क्षेत्रफळ १, १/क्ष खालचं अनंतच. फलन ऋण नसेल तर हा आकडा फक्त वाढू शकतो, म्हणून कुठल्या क्रमाने जोडलं याने फरक पडत नाही.

'अनंताकडे जाताना फलन शून्याकडे गेलं नाही तर क्षेत्रफळ अनंत' हा समज मोडायला एक उदाहरण पुरतं. न = १, २, ३, … या प्रत्येक पूर्णांकावर न उंचीचा आणि १/२ⁿ एवढ्या पायाचा त्रिकोण उभा करा, बाकी फलन शून्य. त्रिकोण उंच होत जातात, फलन संतत आहे, अमर्याद आहे. क्षेत्रफळांची बेरीज १/४ + २/८ + ३/१६ + … = १.

टोक कापण्याची युक्ती कधी चालत नाही? अडचणीच्या जागा सगळीकडे पसरल्या असतील तेव्हा. परिमेय संख्या ओळीने लावा, प्रत्येकीवर १/√ सारखा सुळका उभा करा, आणि पहिल्याला १/२, दुसऱ्याला १/४, तिसऱ्याला १/८ असं वजन देऊन सगळे बेरजेत घ्या. प्रत्येक बारीकशा अंतरालात हे फलन अमर्याद, त्यामुळे कुठे कापणार? पण ० ते १ मध्ये वजनाआधी एका सुळक्याचं क्षेत्रफळ २√२ च्या पुढे जात नाही, वजनांची बेरीज १, म्हणून लेबेगच्या हिशोबात सगळं मिळून २.८३ च्या आत.

शेवटचा सापळा खाली-वर जाणाऱ्या फलनांचा. साइन(क्ष)/क्ष चं ० पासून अनंतापर्यंतचं इंटिग्रल π/२ असं पुस्तकात असतं, आणि ते बरोबर आहे. पण क-वा उंचवटा किंवा खळगा कमीत कमी २/(कπ) जागा घेतो. उंचवटे तेवढे वेगळे मोजले तरी बेरीज अनंत, खळगे वेगळे मोजले तरी अनंत. π/२ येतं ते त्यांना ठरलेल्या क्रमाने, एक वर एक खाली, असं वजा करत गेल्यामुळे. −१ ते १ वर १/क्ष घेऊन 'दोन्ही बाजू सारख्या, म्हणून शून्य' म्हणणं हाही तसाच प्रकार, फक्त तिथे ठरलेला क्रमसुद्धा नाही. प्रश्नात 'इंटिग्रल काढा' असेल तर साइन(क्ष)/क्ष साठी π/२ लिहा. 'आलेख आणि अक्ष यांच्यामधल्या भागाचं क्षेत्रफळ' विचारलं असेल तर उत्तर अनंत आहे.